राणीचा दुसरा प्रवेश

आमच्या बाथरूमच्या आरशावर, उजव्या कोपऱ्यात, माझ्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या. रात्री तोंड धुताना कपाळावरची काढून काचेला लावायची, सकाळी जिचा गोंद थोडा शिल्लक असेल ती पुन्हा कपाळाला, ही माझ्या आईची सवय माझ्याबरोबर नेदरलँड्सपर्यंत आली होती. नवरा दाढी करताना कुरकुरायचा, "हा आरसा आहे का टिकल्यांचं पाकीट?" पण त्यानं त्या कधी खरवडून काढल्या नाहीत.

नायमेखनमधलं ते आमचं तिसरं वर्ष. नवरा रोज बसनं वाखनिंगनला जायचा आणि टोमॅटोच्या पानांवर पडणाऱ्या डागांवर संशोधन करायचा. मी पुण्यात इतिहासात एम. ए. केलेलं, कॉलेजात थोडं शिकवलेलंही. इथं माझ्या परवान्यावर मुक्कामाचं कारण लिहिलेलं होतं : 'पतीसोबत राहणे'. ते कार्ड मी पर्समध्ये उलटं ठेवायचे. बँकेत किंवा महापालिकेच्या ऑफिसात कोणी मागितलं की काढून द्यायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. कोणी एका शब्दानं काही बोलत नसे. तरी मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून रागही यायचा.

त्या उन्हाळ्यात शहर आपल्या जुनेपणाचा उत्सव करत होतं. प्रत्येक वस्तीनं काहीतरी सादर करायचं होतं आणि आमच्या गल्लीच्या वाट्याला राणी आली. दोन दारं सोडून एक निवृत्त शिक्षिका राहायची. उंच, बारीक कापलेले पांढरे केस, आणि बोलणं असं की आडपडदा नाहीच. ती आधी फोन करून, वेळ ठरवून आली आणि कॉफीचा कप हातात घेण्याआधीच म्हणाली, "तुझ्याकडे रेशीम आहे ना?"

दिवाळीत मी पैठणी नेसून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले होते, ते तिनं लक्षात ठेवलं होतं.

हजार वर्षांपूर्वी, आज ज्याला इस्तंबूल म्हणतात तिथून, एक ग्रीक मुलगी जर्मन सम्राटाच्या मुलाला दिली होती. इकडच्यांनी मागितली होती राजाची लेक, आणि आली ती नात्यातली कोणीतरी. दरबारातले काही जण म्हणाले, ही नको, परत पाठवा. सासऱ्यानं ठेवून घेतली. पुढे नवरा ऐन तारुण्यात गेला, मुलगा तीन वर्षांचा, आणि त्या मुलाला एका नातेवाइकानं ताब्यात घेतलं. हिनं त्याला सोडवून आणलं आणि त्याच्या नावानं राज्य चालवलं. मरण आलं ते आमच्या गावात, नदीकाठच्या त्या टेकडीवर. तिथला राजवाडा केव्हाच गेला. मागून बांधलेलं एक जुनं चॅपेल तेवढं आहे, आणि रविवारी माझी मुलगी त्याच्या बाजूच्या उतारावरून लोळत खाली जायची.

ही राणी मी करावी असं गल्लीच्या उत्सव समितीचं म्हणणं होतं. कारण उघड होतं. ती पूर्वेची, मी पूर्वेची, आणि माझ्याकडे साडी. मी मनात चडफडले. पण हो म्हटलं, आणि मग लायब्ररीतून पुस्तकं आणून शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत बसले. बैठकीत मी जेव्हा सांगितलं की मेल्यावरसुद्धा तिच्या रेशमावरून लोक बोलत होते, एका जोगिणीला म्हणे ती स्वप्नात नरकात दिसली, इकडच्या बायकांना दागिन्यांची चटक लावल्याबद्दल, तेव्हा टेबलाभोवतीची सगळी माणसं लिहून घ्यायला लागली. त्यानंतर संहिता माझ्याकडेच आली. बेकरीसमोर लोक सायकल थांबवून मला राणीबद्दल विचारायचे. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कोणाचीतरी बायको म्हणून नाही, स्वतःच्या कामासाठी ओळखली जात होते. हे मला किती हवं होतं ते सांगायलाही संकोच वाटतो.

त्याच सुमाराला सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. नवरा आठ वर्षांचा असताना सासरे गेले. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर सासूबाईंना जिल्हा परिषदेत नोकरी मिळाली, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती केली. बोलायच्या कमी, पण बोलल्या की समोरच्याची विकेट. मटार सोलताना मी त्यांना राणीची गोष्ट सांगायचे.

"आणि सासू कशी होती तिची?" त्यांनी विचारलं.

"पटायचं नाही दोघींचं. पण नातवाला सोडवायला दोघी एकत्र गेल्या."

"म्हणजे सगळं रीतसर," त्या म्हणाल्या आणि टरफलं बाजूला लोटली.

तालमीचं ठरवायला शेजारीण आणि समितीतले आणखी दोघं एका शनिवारी आमच्याकडे आले. मी चिवडा, बाकरवडी, शंकरपाळे मांडले आणि पाहुण्यांनी प्रत्येकी एकच बाकरवडी उचलली. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा घेत होत्या. नवरा घरी होता. शेजारणीनं पेन्सिल कानाला लावली आणि दोन प्रवेश समजावून सांगितले. पहिल्यात मी वधू. रेशीम, दागिने, कपाळावर लाल ठिपका. दुसऱ्यात राजा मेल्याची बातमी येते.

"मग तू सगळ्यांसमोर एकेक दागिना काढतेस. शेवटी गळ्यातले ते काळे मणी. मग ठिपका पुसतेस. शब्द एकही नाही. आणि मग खुर्चीवर बसतेस आणि राज्य करायला लागतेस." ती खूश होती. "तूच सांगितलंस ना मला, या दोन गोष्टींचा अर्थ काय ते."

मीच सांगितलं होतं. मोठ्या ऐटीत, मंगळसूत्र म्हणजे काय, कुंकू म्हणजे काय, जणू ते सगळं माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि माझ्या गळ्यात नाही. आता माझा हात आपोआप गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला.

नवरा हसला. मग हसू गेलं. "म्हणजे मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या का?" हे मला मराठीत. आणि मग पाहुण्यांना इंग्रजीत, की हे शक्य नाही, आमच्यात हे फार वाईट मानतात, जिवंत नवऱ्याची बायको असा वेश करत नाही. हा माणूस आरतीला उभा राहून घड्याळ बघायचा. सत्यनारायणाला त्याची सुट्टी कधी शिल्लक नसायची. आणि तरी, तो हे बोलला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मला स्वतःहून नाही म्हणावं लागलं नाही. त्या सुटकेची मला लगेच इतकी लाज वाटली की मी उगाच उठून चिवड्याची वाटी भरली.

शेजारीण अजिबात रागावली नाही. "अडचण काही नाही," ती म्हणाली. "दुसरा प्रवेश गाळू या. लोकांना रेशीमच बघायचंय." आणि कागदावर पेन्सिलनं एक तिरकी रेघ ओढली. सासरी आलेली मुलगी राहिली आणि राज्य करणारी बाई गेली.

"काय गं, काय ठरलं?" कोपऱ्यातून सासूबाईंनी विचारलं.

आता काय सांगणार? आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. "तो दुसरा भाग जरा लांबतोय, आई," मी म्हटलं.

"लांबतोय म्हणून याचा चेहरा असा झाला होय?"

मग सांगावंच लागलं. राजा गेल्यानंतरचं आहे, मी म्हटलं. सगळं काढून ठेवायचं असतं तिला, सगळ्यांसमोर. माझी नजर त्यांच्या कपाळाकडे जात होती आणि मी ती ओढून टेबलाकडे आणत होते. नवरा गालिच्याकडे बघत होता.

"काढून ठेवल्यावर काय करते ती?"

"राज्य करते."

"आणि ते गाळणार?"

"हो."

त्यांनी कप बशीत ठेवला. "मग तेवढं मी करते," त्या म्हणाल्या. "मला काढायला काही नाही."

सुरात काही नव्हतं, टोमणा नाही, दुःख नाही. कोशिंबीर मी चिरते, तू पोळ्या कर, असं म्हणावं तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण उत्सुकतेनं माझ्याकडे बघत होती. दुसरा भाग त्या करतील म्हणतात, एवढंच मी सांगितलं. पुढचं वाक्य मला सांगता आलं नाही. तिला कल्पना फारच आवडली. रेघ खोडून टाकली गेली.

त्या दिवशी भांडी पुसताना मला माझं लग्न आठवलं. साताऱ्याच्या घरी माप ओलांडून मी आत आले तेव्हा मला ओवाळलं ते नवऱ्याच्या काकूंनी. ओटी त्यांनीच भरली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. एवढं मोठं कार्य, घरच्या बाईला किती कामं असतील, असं मला तेव्हा वाटलं होतं. ज्या घराचं कर्ज, शाळा, छप्पर सगळं त्यांनी एकटीनं ओढलं, त्या घरात सून येताना त्यांना पुढे बोलवायचं कोणाला सुचलं नाही. त्यांच्या थोरल्या दिरांनी ठरवलं होतं. सासरे गेल्यापासून असलं सगळं तेच ठरवायचे. सासूबाईंना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

समितीनं दुसऱ्या प्रवेशासाठी काळं कापड आणलं होतं. सासूबाईंनी ते बोटात धरून बघितलं. "राणीच आहे ना ती? मग हे फडकं कशाला? हिचीच पैठणी मला नेसवा." मी भाषांतर केलं. शेजारणीनं टाळी वाजवली. एकच वस्त्र, एकच राणी, लोकांना ओळखायला सोपं जाईल, असं तिचं मत पडलं.

प्रयोग टेकडीवर व्हायचा होता, पण आभाळ भरून आल्यामुळे शाळेच्या जिममध्ये हलवला. मागे गाद्या आणि चेंडू ठेवायची खोली होती, तिथं आमचा रंगपट. पहिला प्रवेश झाला. मी नवी नवरी होऊन चालले, दरबाऱ्यांनी नाकं मुरडली, सासऱ्यानं हात धरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत येऊन भराभर साडी सोडली आणि परकरावर टॉवेल गुंडाळून ती सासूबाईंना नेसवायला लागले. त्या दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. त्या माझ्यापेक्षा चांगल्या वीतभर बुटक्या. निऱ्या कमरेशी जास्त खोचाव्या लागल्या. इतकं जरीचं काही अंगावर घेऊन त्यांना किती वर्षं झाली असतील, असं माझ्या मनात आलं आणि मी पदराशी झटापट करत राहिले.

नवरा दारात उभा होता. आमची सहा वर्षांची मुलगी, जी बालराजा होती, सोनेरी कागदाचा मुकुट सावरत त्याच्या पायाशी घुटमळत होती. तेवढ्यात शेजारीण लिपस्टिक घेऊन आली. माझ्या कपाळावर तिनंच ठिपका काढला होता. आता तिनं अंगठ्यावर लाल रंग घेतला आणि सहजपणे सासूबाईंच्या कपाळाकडे हात नेला. तीच राणी, म्हणून तोच ठिपका, बातमी येताच पुसायला. सासरे नाहीत हे तिला बिचारीला मी कुठं सांगितलं होतं.

सासूबाई मागे सरकल्या नाहीत. मी त्यांच्यासमोर वितीवर होते, मी पाहिलं. त्यांनी डोळे मिटले आणि हनुवटी किंचित वर केली. कुंकू लावून घेताना बायका करतात तशी.

"नेय!" नवरा ओरडला. "नेय, नेय. तिला नाही!" सगळं डचमध्ये.

शेजारणीचा हात हवेतच थांबला. तिनं घाईघाईनं माफी मागितली आणि अंगठा जीन्सला पुसला. सासूबाईंनी डोळे उघडले. डच त्यांना येत नव्हतं, पण नेय म्हणजे नाही, तेवढा एक शब्द दुकानात, बसमध्ये, नातीच्या तोंडून ऐकून त्या शिकल्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी टॉवेल गच्च धरून उभी होते, माझ्या कपाळावर तो लाल ठिपका तसाच होता आणि तो मला चटका बसल्यासारखा जाणवत होता.

"चला," त्या म्हणाल्या. "लोक थांबलेत."

संहितेत त्यांना शब्द नव्हता. त्यांनी खुर्चीवर बसायचं, बालराजाला शेजारी घ्यायचं, आणि शेजारीण राणीचा कारभार वाचून दाखवणार. त्या बसल्या. पाठ ताठ, दोन्ही पावलं जमिनीवर. वाचन एका ठिकाणी थांबलं तेव्हा त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला आणि समोरच्या लोकांकडे बघत, जिल्हा परिषदेच्या टेबलामागून बोलत असतील त्या आवाजात म्हणाल्या, "हा लहान आहे. तोवर मी आहे. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं मला विचारायचं."

लोकांना वाटलं, ग्रीक असणार. मग टाळ्या सुरू झाल्या, माझ्या वेळच्यापेक्षा पुष्कळ जास्त. मी पडद्याआडून नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराला टेकून उभा होता आणि टाळ्या वाजवत नव्हता.

घरी चालत जाताना मुलीनं डचमध्ये विचारलं, "आजीला ग्रीक कधीपासून येतं?" मी ते सासूबाईंना सांगितलं. "येतं की," त्या म्हणाल्या. "गरज पडली तर सगळं येतं." त्या दिवशी त्या हसल्याही. पिठलं-भात केला. मी सारखी त्यांच्या मागेपुढे करत होते, हे देऊ का, ते देऊ का, आणि जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी सायकलीत हवा भरत होते तेव्हा नवरा मला म्हणाला, "तिला वाईट वाटेल म्हणून थांबवलं मी."

"तू विचारलंस तिला?"

"तू विचारलंस?"

मी पंप त्याच्या हातात दिला आणि आत गेले. आम्ही दोघं शिकलेले, दोघं आपल्याला पुढारलेले समजणारे, आणि एका घरात, एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला एक साधा प्रश्न विचारायला आमची जीभ रेटत नव्हती. त्यांच्या मुक्कामाचे पुढचे आठवडे असेच गेले. आम्ही त्यांना ट्यूलिपचे कंद घेऊन दिले, चीज दिलं, गरम स्वेटर दिला. स्किपोल विमानतळावर त्यांनी नातीचा मुका घेतला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाल्या, "तब्येतीला जप."

त्या गेल्यानंतरच्या रविवारी मी बाथरूम धुवायला काढली. आरशावर फवारा मारला, फडकं घेतलं, आणि थांबले. उजव्या कोपऱ्यात माझ्या टिकल्या नेहमीसारख्या होत्या. आरशाच्या बरोबर मधोमध, बऱ्याच खाली, आणखी एक होती. माझ्याच पाकिटातली, लाल, पण कोरी. कपाळावरून काढलेली टिकली कडेनं जरा चुरगळते, ही नव्हती चुरगळलेली.

मुलीनं लावली असेल म्हणावं तर ती तिच्या डोक्याच्या फार वर होती. मी आरशासमोर सरळ उभी राहिले. टिकली माझ्या गळ्याशी आली. मी गुडघे वाकवले, थोडे आणखी वाकवले, आणि ती माझ्या कपाळाच्या मधोमध बसली. वीतभर बुटक्या बाईला वाकावं लागलं नसतं. ती नुसती उभी राहिली असती. दार आतून लावून, आरशातल्या आपल्या कपाळाला टिकली लावून, बघत.

मी तशीच गुडघे वाकवून राहिले.

टिकलीभोवतीची काच पुसून घेतली आणि ती राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा दाढीला उभा राहिला. मी दारात मुलीचा डबा हातात घेऊन उभी होते.

"ही इथं कशाला लावलीस?" त्यानं विचारलं.

"माझी नाही ती."

त्यानं टिकलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग पुन्हा टिकलीकडे. तो माझ्याहून उंच, त्याला बरंच वाकावं लागलं. वाकला, आणि कपाळ टिकलीच्या रेषेत आलं तेव्हा त्याच्या गालावरचा हात थांबला. तोंडावरचा फेस वाळायला लागला.

"काढू का?" शेवटी तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही.

"तिला विचार," मी म्हटलं.